दाराचा डोळा आणि काळं कापड

मी एक जुना डोळा आहे. मित्रांनो, दचकू नका. माणसाचा नव्हे, दाराचा. बंद दारात शर्टाच्या बटणाएवढी गोल काच असते ना, बाहेर कोण आलंय ते आतून पाहायची, तोच मी. कुणी मला पीपहोल म्हणतं, कुणी मॅजिक आय म्हणतं. आमच्या घरात मात्र मला नुसतं 'दाराचा डोळा' म्हणतात. माझ्यात जादू वगैरे काही नाही. उलट मी पहिल्यापासून भित्रा आहे. तुम्ही म्हणाल, काचेला कसली आली भीती? पण मला पापणी नाही हो. समोर जे घडेल ते मला पाहावंच लागतं. डोळे मिटून घ्यायची सोय तुम्हाला आहे, मला नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेची बारीक नळी, तिच्या दोन्ही तोंडांना भिंगं, एवढाच माझा देह. तयार झाल्यावर एका कामगारानं मला खिडकीकडे धरून पाहिलं, 'बरा आहे' म्हणाला आणि खोक्यात टाकलं. पुढे हार्डवेअरच्या दुकानात कड्या, बिजागऱ्या आणि खिळ्यांच्या शेजारी मी बरेच दिवस पडून होतो. तिथून मला एका ट्रकचालकानं विकत घेतलं. त्याला गाडी घेऊन लांब जावं लागे आणि मागे घरात बायको आणि तान्ही मुलगी अशा दोघीच राहत.

मला बसवायला सुतार आला. त्यानं ट्रकचालकाला दारासमोर ताठ उभं केलं, त्याच्या डोळ्यापाशी पेन्सिलीनं खूण केली आणि तिथंच भोक पाडलं. ज्या बाईसाठी हा खटाटोप चालला होता, ती नवऱ्याच्या खांद्यालाही लागत नव्हती, हे सुताराच्या लक्षात आलं नाही आणि नवऱ्याच्याही नाही. ती बिचारी तेव्हा स्वयंपाकघरात दोघांसाठी चहा करत होती. तेव्हापासून बाहेर पाहायचं म्हटलं की बाईला बुटकं स्टूल ओढून आणावं लागे. फरशीवर स्टूल खर्रर्र वाजलं की मला कळे, आता बाईचा डोळा येणार.

आमची बाई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत, माझ्या अगदी समोर, तिचं मशीन. नवरा आजारानं गेला तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागली होती. त्यानंतर त्या मशीननंच घर चालवलं. गिऱ्हाईक बायका दारात उभ्या राहत आणि मला त्यांची आधी नाकं दिसत. माझ्या भिंगातून सगळ्यांचीच नाकं मोठी दिसतात, त्यामुळे कुणी कितीही नटूनथटून आलं तरी माझ्यावर छाप पडत नसे. लेक लहान असताना मुद्दाम बाहेर जाऊन जीभ काढून दाखवायची आणि आईला आतून हसायला लावायची. ते दिवस चांगले होते.

आमच्या समोरचं दार आजोबांचं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद केलं आणि एकटेच राहू लागले. त्यांच्या घराची दुसरी किल्ली आमच्या बाईकडे असते, खिळ्याला अडकवलेली. आजोबांना एक सवय होती. बाहेर पडताना ते आपलं कुलूप लावत, काठी टेकत आमच्या दारासमोर येत आणि बंद दाराला सांगत, "येतो गं." घरात कुणी आहे की नाही, याची ते वाट बघत नसत. आतून मशीनच्या आवाजातून बाई म्हणायची, "या." मग आजोबा निर्धास्तपणे जिना उतरत. किती वर्षं मी हे ऐकत होतो. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याची किंमत वाटत नव्हती.

मग एके दिवशी जिन्यातून शीळ ऐकू आली.

शीळ गोड होती, खोटं कशाला बोलू. पाठोपाठ चौघं जण वर आले आणि आमच्या मजल्याच्या खाली, जिन्याच्या वळणावर बसले. ते या इमारतीतले नव्हते. शीळ घालणारा त्यांचा म्होरक्या. लोक त्याला पाठीमागे 'शिट्ट्या' म्हणू लागले. पाठीमागेच हं. समोर तर त्याच्याकडे मान वर करून बघायची कुणाची टाप नव्हती.

सुरुवातीला ते नुसते बसत. मग बाटल्या आल्या. भिंतींवर थुंकणं आलं. जिन्यातला दिवा त्यांनी फोडला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी नवा बसवला, तोही फुटला. आणखी एक बसवला, तर तो कुणीतरी काढूनच नेला. खालून चढणाऱ्या बायकांना ते वाट देत नसत. "अंग चोरून जा की ताई, आम्ही काय खातोय?" असं म्हणत आणि पाय लांब करत. गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. एक जुनी गिऱ्हाईक फोनवर म्हणाली, "मावशी, तुमच्या हाताला तोड नाही, पण तुमच्या जिन्याला हात जोडले." शेवटी बाईच शिवलेले कपडे पिशवीत भरून लोकांच्या घरी नेऊन देऊ लागली.

लेक आता मोठी झाली होती. संध्याकाळी क्लासहून परतायची. ती यायच्या वेळेला बाई मशीन थांबवून स्टुलावर चढायची आणि माझ्यावर डोळा लावून उभी राहायची. मला तिचा श्वास जाणवायचा. खालून हसणं ऐकू यायचं, मग लेकीची पावलं, भराभर, जवळजवळ पळत. दार उघडायचं, लेक आत यायची, कडी लागायची. माझ्या पितळेच्या अंगावर घाम येत असता, तर त्या दिवसांत मी ओला राहिलो असतो.

इमारतीतली माणसं दिवसाउजेडी जिन्यात जमली की हाच विषय निघे. मास्तर म्हणत, "कुणीतरी पोलिसांत कळवायला हवं." तळमजल्यावरचा इस्त्रीवाला म्हणे, "कळवायलाच हवं." बाईही म्हणे, "हो ना." सगळ्यांचं एकमत होतं. फक्त 'कुणीतरी' म्हणजे आपल्या शेजारचा, असंही सगळ्यांचं एकमत होतं. मग कुणाचं दूध गॅसवर असे, कुणाची बस चुकत असे आणि सभा संपे.

मला त्यांचा राग यायचा नाही. मी स्वतः भित्रा, मी कुणाला काय नावं ठेवणार? पण एक सांगतो. आजोबा अजूनही बाहेर पडताना "येतो गं" म्हणायचे आणि बाई उत्तर देईनाशी झाली होती. आपला आवाज खालच्यांना ऐकू जाऊ नये, म्हणून. आजोबा क्षणभर थांबायचे, वाट बघायचे आणि मग काठी टेकत जायचे.

एका संध्याकाळी आजोबा औषधं घेऊन परत आले. शिट्ट्या त्यांच्या मागोमाग आमच्या मजल्यावर आला. बाकीचे तिघेही आले. इतक्या जवळ ते आधी कधी आले नव्हते. मशीन थांबलं. स्टूल सरकलं, पण या वेळी आवाज न करता, उचलून. बाईचा डोळा माझ्यावर टेकला.

"आजोबा," शिट्ट्या अगदी लाडात म्हणाला, "एवढी मोठी खोली आणि तुम्ही एकटे. आम्ही बघा जिन्यात बसतो. बरं दिसतं का? किल्ली देऊन ठेवा की एक."

"खोली माझी आहे," आजोबा म्हणाले.

"तुमचीच आहे. आम्ही नुसते बसू. झाडूनपुसून घेऊ."

"नाही देणार."

शिट्ट्यानं त्यांच्या मुठीतली किल्ली ओढली. आजोबांनी सोडली नाही. घड्याळाचे बारीक स्क्रू धरून धरून त्या बोटांत अजून जोर होता. मग एकानं त्यांना ढकललं. फार जोरात नाही, दार ढकलतो तसं. आजोबा कुशीवर पडले, किल्ली मुठीतच. काठी घरंगळत जिन्यावरून खाली गेली, प्रत्येक पायरीवर आपटत. ते ओरडले नाहीत. त्यांनी एकदाच आमच्या दाराकडे पाहिलं.

बाईचा हात कडीवर होता. ती उघडणार, असं मला वाटलं. उघडू नये, असंही वाटलं. मित्रांनो, मी खरं सांगतो, दोन्ही वाटलं.

तेवढ्यात शिट्ट्यानं मान वळवली आणि तो थेट माझ्याकडे बघू लागला.

हे कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं. संध्याकाळी घरात दिवा लागला की तो उजेड माझ्यातून बाहेर झिरपतो. अंधाऱ्या जिन्यातून पाहिलं तर दारावर उजेडाचा एक ठिपका दिसतो. पण आतून कुणी डोळा लावला की ठिपका विझतो. शिट्ट्यानं जिन्यातला दिवा फोडला होता, म्हणून त्याला हे फार छान दिसत होतं. आमच्या दारावरचा ठिपका विझला होता. म्हणजे आत कुणीतरी उभं होतं. आत उभं असलेलं कुणीतरी सगळं बघत होतं. ज्याच्या जोरावर बाई सुरक्षित राहणार होती, त्या मीच तिचा ठावठिकाणा सांगितला होता.

तो पुढे आला. आधी त्याचं नाक, मग नुसता डोळा, माझ्याएवढाच गोल, माझ्या अगदी समोर. एका बाजूला बाईचा डोळा, दुसऱ्या बाजूला त्याचा आणि मध्ये मी. माझी पाचावर धारण बसली.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "लेकीला सांगा, जिना जपून चढायचा. अंधार असतो."

आणि लायटरच्या कडेनं त्यानं माझ्या काचेवर घाव घातला.

मी फुटलो नाही, तडकलो. काचेतून आडवी रेघ गेली आणि तेव्हापासून मला प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. चौघांचे आठ झाले. आठ जण हसत जिना उतरले. तेव्हा कुठे कडी निघाली आणि बाई आजोबांपाशी धावली.

आजोबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी एक पोलीसबाई आल्या, खाकी गणवेशात. त्यांनी एक चूक केली. जिन्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काल इथं काय झालं? कुणी पाहिलंय का?" खाली वळणावर शिट्ट्या भिंतीला टेकून उभा होता. हातात काही नव्हतं, बाटली नव्हती, जणू एखाद्याला भेटायला आलेला सज्जन माणूस. दारं एकेक करून किलकिली झाली. मास्तर म्हणाले, "आम्ही झोपलो होतो." संध्याकाळी कोण झोपतं? इस्त्रीवाला म्हणाला, "माझं तोंड भिंतीकडे असतं." पोलीसबाई आमच्या दाराशी आल्या.

"मशीन चालू होतं," बाई म्हणाली. "काही ऐकू आलं नाही."

पोलीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ताज्या तड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग बाईकडे पाहिलं आणि जाताना एक फोन नंबर तेवढा हळू आवाजात सांगून गेल्या. आजोबांनीही दवाखान्यात 'पाय घसरला' असंच सांगितलं होतं. का, ते बाईला कळत होतं. त्यांना बाईच्या लेकीची काळजी होती.

त्या रात्री बाई जेवली नाही. लेकीनं ताट पुढे सरकवलं, तिनं मागे सारलं. "पडल्यावर आजोबांनी माझ्याकडे पाहिलं होतं गं," एवढंच ती म्हणाली.

पुढचे काही दिवस क्लास बंद, मशीन बंद. लेक घरात बसून राहिली. एकदा संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला खाली कुणी नव्हतं, तेव्हा बाई धीर करून बाहेर गेली आणि दार लावून घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं मला बाहेरून कधी नीट पाहिलं नव्हतं.

"डोळा लाव बघू," तिनं आत लेकीला सांगितलं.

लेकीनं डोळा लावला. ठिपका विझला.

"काढ. परत लाव. परत काढ."

मी उघडत मिटत राहिलो. जन्मात पहिल्यांदा माझी पापणी लवत असल्यासारखं वाटलं. मग बाईनं वर, मास्तरांच्या दाराकडे पाहिलं, आजोबांच्या बंद दाराकडे पाहिलं. आजोबांच्या घरात दिवा नव्हता, त्यामुळे त्यांच्या दाराचा डोळा काळा होता. त्या काळ्या ठिपक्याकडे ती बघतच राहिली.

"कुणी नसलं तरी काळा," ती पुटपुटली, "आणि कुणी बघत असलं तरी काळाच."

आत आल्या आल्या तिनं कपाटातून कोटाच्या अस्तराचं काळं कापड काढलं. उरलंसुरलं जपून ठेवायची तिची सवय, लेक तिला त्यावरून कायम चिडवायची. तिनं हातभर लांबीचा तुकडा कापला, कडा दुमडून शिवल्या आणि तो माझ्यावर आतल्या बाजूनं पडद्यासारखा टांगला. जुने फोटोवाले काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढत, तसं त्या कापडाखाली डोकं घालायचं आणि मग डोळा लावायचा. आता आत दिवा असो नसो, माणूस असो नसो, बाहेरून मी काळाच.

"पण आपलंच दार काळं दिसलं तर त्यांना आणखी संशय येईल," लेक म्हणाली.

"आपलंच कशाला?" बाई म्हणाली आणि मशीनच्या पायडलवर पाय ठेवला.

बऱ्याच दिवसांनी मशीन धडधडलं. मला इतकं बरं वाटलं, की मी तडा विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गळ्यात टेप अडकवून घरोघर गेली. शिवणाऱ्या बाईनं कुणाच्याही घरी टेप घेऊन जावं, त्यात कुणाला काय वावगं दिसणार? प्रत्येक दारी तिनं एक काळा तुकडा दिला आणि तो का लावायचा ते समजावलं. मास्तर आमच्या दारापर्यंत तिच्यामागे आले होते. त्यांचं बोलणं मी ऐकलं.

"आम्हाला यात ओढू नका हो," मास्तर म्हणाले. "माझ्या बायकोला झेपायचं नाही."

"मी काही करायला सांगत नाही, मास्तर. बघाही नका हवं तर. नुसतं कापड लावा."

मास्तर कापड हातात घेऊन उभे राहिले. "शिवण मात्र छान आहे," ते म्हणाले आणि वर गेले.

संध्याकाळी शीळ आली. मी नेहमीसारखा घाबरलो. शिट्ट्या वळणावर आला, बसणार तोच त्यानं वर पाहिलं, मग खाली. माझ्या तडकलेल्या काचेत त्याची दोन डोकी इकडून तिकडे फिरत होती. सगळ्या घरांतून भांड्यांचे आवाज येत होते, बोलणं येत होतं, दाराखालच्या फटींतून उजेड दिसत होता. पण एकाही दारावर ठिपका नव्हता. शीळ मध्येच तुटली. त्या संध्याकाळी ते बसले, पण हसले नाहीत. भीती कशी दिसते ते मला ठाऊक आहे, मी ती रोज आतल्या बाजूनं पाहत आलो होतो. आता मला ती बाहेरच्या बाजूला दिसली.

त्याच संध्याकाळी बाईनं स्वयंपाकघरात जाऊन तो नंबर लावला. दोनदा लावून तोडला. तिसऱ्यांदा बोलली.

दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक आली. साध्या कपड्यांत, डोक्यावरून पदर, बगलेत कापडाची पिशवी. नाक नेहमीसारखं मोठं दिसलं, म्हणून मी आधी ओळखलं नाही. त्या पोलीसबाई होत्या. खालचे चौघं त्यांना पाय आडवे घालून "सांभाळून हं ताई" म्हणाले होते, ते त्यांनी हसत हसत सांगितलं. "मागच्या वेळी जिन्यात उभं राहून विचारलं, ते चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. बाईनं त्यांना मशीनजवळ उभं केलं आणि माप घ्यायला सुरुवात केली. बाही मोजताना तिनं शिट्ट्याबद्दल सांगितलं. खांदा मोजताना किल्लीबद्दल. पाठीवर टेप धरून, तोंड दिसत नसताना, ती म्हणाली, "मी दार उघडलं नाही." टेप हातातून सुटला. पोलीसबाईंनी तो वाकून उचलला आणि तिच्या हातात दिला.

"आता उघडलंत की," त्या म्हणाल्या. "पुन्हा काही दिसलं तर लगेच कळवा. काय दिसलं, कुठं, कोण, एवढंच. नाव आम्ही विचारतो ते आमच्यापाशी राहतं."

आजोबा दवाखान्यातून घरी यायला दोन-तीन दिवस उरले असतील. तिन्हीसांजेला शीळ न घालताच चौघं वर आले. त्यांच्याजवळ पहार होती. ते आजोबांच्या दाराशी गेले आणि कुलपात पहार घालून पिळू लागले. आजोबा परत येतील तेव्हा खोलीत हे बसलेले असणार आणि त्या म्हाताऱ्याला बाहेर काढणार, हे मला स्पष्ट दिसलं. माझ्या समोर, दोन हातांवर. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

कापड हललं. बाईचा डोळा आला. शिट्ट्यानं मागे वळून आमच्या दाराकडे पाहिलं. माझ्या काचेचा कण न् कण थिजला. पण त्याला काय दिसणार? काळा ठिपका. कालही काळा, परवाही काळा.

बाई स्टुलावरून उतरली आणि फोन लावला. तिचा आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता. "समोरच्या दाराचं कुलूप तोडतायत. हो, आत्ता. तेच चौघं. त्यांनीच आजोबांना ढकललं. मी पाहिलंय." मग ती थांबली. पलीकडून नाव विचारलं असणार. लेक तिच्याकडे बघत होती. बाईनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, मजला सांगितला, आणि मग तिचे डोळे मोठे झाले.

"काय म्हणाले?" लेकीनं विचारलं.

"म्हणाले, या जिन्यातून आत्ताच आणखी दोन फोन आलेत."

पोलीस आले तेव्हा कुलूप अर्धं वाकलं होतं. खालूनही आले आणि गच्चीच्या बाजूनंही. चौघांना पळायला वाट मिळाली नाही. नेताना शिट्ट्यानं सगळ्या दारांकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?" तो ओरडला. कुठलंच दार बोललं नाही.

पण पोलीसबाईंनी नंतर खरं ते सांगितलं. नुसत्या फोनवर भागायचं नाही, कुणीतरी ठाण्यात येऊन जबाब द्यायला हवा. बाई पाणी प्यायली, तिनं चप्पल घातली आणि दार उघडलं. काळं कापड मागे राहिलं. आता सगळ्यांना ती दिसणार होती. ती जिन्याच्या तोंडाशी थांबली.

वरून पावलं वाजली. मास्तर उतरत होते, शर्टाची बटणं लावत. त्यांच्या मागे त्यांची बायको, जिला झेपायचं नव्हतं ती. "त्या दिवशी वरच्या कठड्यावरून मी एकटीनं पाहिलं सगळं," ती बाईला म्हणाली. "हे खरंच झोपले होते." खालून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, "थांबा, इस्त्री बंद करून येतो." माझ्या तडकलेल्या काचेत प्रत्येक जण दोनदा दिसत होता. केवढी तरी माणसं जिना उतरून गेली, मित्रांनो. मला त्या तड्याचा तेव्हा अभिमान वाटला.

आता जिन्यात दिवा आहे. आजोबा घरी आले. लेक क्लासला जाते. परवा सुतार आला आणि त्यानं दारात नवा डोळा बसवला, बाईच्या उंचीला. या वेळी बाई स्वतः दारासमोर उभी राहिली आणि तिनं स्वतः पेन्सिल धरली. मला काढलं तर भोक राहील, म्हणून मला वर तसंच ठेवलंय. माझ्यातून आता कुणी बघत नाही.

सगळं गोड झालं, असं मात्र समजू नका. तो शिट्ट्या जामिनावर सुटला. गेल्या आठवड्यात संध्याकाळी रस्त्यावरून शीळ आली. ओळखीची. ती इमारतीच्या दारातून आत आली, जिना चढू लागली आणि माझी पुन्हा गाळण उडाली. पण तेवढ्यात आमच्या घरात पावलं वाजली, दाराकडे आली. वरच्या मजल्यावर पावलं दाराकडे आली. आजोबांची काठी टक टक करत त्यांच्या दाराशी येऊन थांबली. शीळ वळणापर्यंत आली, थांबली आणि थोड्या वेळानं उतरून गेली.

मित्रांनो, तुमच्या दारातही माझं एखादं भावंड असेल. त्याची काच कधीतरी मऊ फडक्यानं पुसा. आणि त्यातून कुणावर अन्याय होताना दिसला, तर एकट्यानं धावून जायला मी सांगणार नाही, मी काय भीती पाहिली आहे ते मला ठाऊक आहे. पण घरातल्या मोठ्या माणसाला सांगा, ज्यांचं काम आहे त्यांना कळवा. आणि शेजारच्यानं कळवलं असेल तर तो जिना उतरताना त्याच्या मागोमाग उतरा. पाहिलेलं पोटात ठेवून दार लावून घ्यायचं तेवढं करू नका. मला पापणी नाही म्हणून मी पाहतो. तुम्हाला आहे, तरीही तुम्ही पाहा.

आज सकाळी आजोबा पहिल्यांदा एकटे बाहेर पडले. कुलूप लावलं, नवं आहे, जरा जड जातं. आमच्या दारासमोर आले, काठीवर रेलले आणि बंद दाराला म्हणाले, "येतो गं."

मशीन थांबलं.

"या," बाई म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं.